मोहरी : प्रकार, उपयोग आणि पारख

ग्राहकाने मोहरी मागितली असता ती कशासाठी हवी, हे विचारणे सुज्ञ व्यापाऱ्याचे पहिले काम होय. कारण मोहरी एक नसून अनेक आहे.

काळी मोहरी बारीक व तीव्र असते. बाजारात अधिक आढळते ती तपकिरी राई. फोडणीस तीच चालते, आणि तिची डाळ लोणच्यात पडते. पिवळी मोहरी त्या मानाने सौम्य. बंगालात ती हिरव्या मिरचीसह वाटून कालवणास लावतात.

अखंड दाणा तिखट नसतो. तो भरडून पाण्याशी संयोग झाला की त्यातील विकर जागे होऊन झणका उत्पन्न होतो. उष्णतेने ते विकर नष्ट होते. म्हणूनच फोडणीतील मोहरी खमंग लागते, तर कोशिंबिरीत फेसलेली नाकात जाते. फेसताना पाणी थंड घ्यावे व लिंबू मागाहून पिळावे. आंबटाने झणका मंदावतो.

आता पारखीविषयी. पिवळ्या धोत्र्याचे बी मोहरीसारखेच काळे व बारीक, परंतु विषारी असते. १९९८ साली दिल्लीत त्याच्या तेलाची भेसळ झालेले मोहरीचे तेल खाऊन अनेकांच्या अंगावर सूज आली व साठांहून अधिक माणसे दगावली. भिंगाखाली मोहरीचा दाणा गुळगुळीत व गोल दिसतो. धोत्र्याच्या बियांवर खडबडीत जाळी असते. पोते उघडताच मूठभर दाणे पांढऱ्या कागदावर पसरून पाहावेत. एवढ्या श्रमाने ग्राहकाचे प्राण आणि पेढीचा विश्वास, दोन्ही राखले जातात.