जेवणावळीतला उरलेला भात कुणाला घालावा?

घरी बाप्तिस्मा असो की लग्न, पाहुण्याला पोटभर जेवू घालावे ही आपली जुनी रीत. ती मोडावी असे आम्ही म्हणत नाही. पण पंगत उठल्यावर पातेलेभर भात उरतो आणि घरधनी म्हणतो, "टाकायचा कशाला? गोठ्यात घाला." इथेच घात होतो.

गाय, म्हैस, बैल ही रवंथ करणारी जनावरे. त्यांच्या पोटातील सूक्ष्म जीव चारा आंबवून पचवतात. शिजलेला भात, पोळ्या किंवा गोडधोड एकदम भरपूर पोटात गेले, की त्याचे झपाट्याने आम्ल होते. रवंथ थांबते, पोट फुगते वा जड होते, शेण पातळ पडते, जनावर उठत नाही. उपचाराला उशीर झाला तर एकदोन दिवसांत दगावते. म्हणून लक्षण दिसताच पशुवैद्यांना बोलवावे. आडव्या पडलेल्या जनावराला तेल वा काढा पाजू नये. तो श्वासनळीत जातो.

डुकरांना भात चालतो, पण मांसाचे खरकटे घालू नये. आपल्या देशात २०२० सालापासून आफ्रिकन डुक्करतापाची साथ आहे, आणि कच्च्या वा अर्धवट शिजलेल्या मांसातून ती पसरते. यावर औषध नाही.

तेव्हा मुळात उरू न देणे बरे. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

१. सगळा तांदूळ एकदम शिजवू नये. निम्मा निवडून कोरडा ठेवावा, आधण तयार ठेवावे आणि पंगत पाहून वैरावा. कोरडा तांदूळ उरला तर डब्यात परत जातो, शिजलेला जात नाही.

२. पहिली वाढ थोडी असावी, पण वाढपी पुन्हा पुन्हा फिरावा. मुलांना निम्मेच वाढावे.

३. तरीही भात उरला तर २ तासांच्या आत परातीत पातळ पसरून निववावा आणि त्याच संध्याकाळी शेजारी वाटावा. शिजवूनही काही जंतूंची बीजे भातात जिवंत राहतात. भात उबेत राहिला की ती वाढून विष तयार करतात आणि ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. रात्रभर झाकून ठेवलेला भात कुणालाच देऊ नये.

४. जेवण केळीच्या पानावर किंवा पळसाच्या पत्रावळीवर वाढावे. प्लास्टिकच्या ताटल्या, पेले व चमचे यांना १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. खरकट्यासकट फेकलेले प्लास्टिक गुरे खातात आणि ते पोटात अडकून बसते. पाने मात्र खतखड्ड्यात कुजतात. उरलेसुरले खरकटेही त्यातच घालून वर पालापाचोळा व मातीचा थर द्यावा, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत.

पाहुणे तृप्त होऊन गेले आणि दुसऱ्या सकाळी म्हैस गोठ्यात निवांत रवंथ करताना दिसली, म्हणजे जेवणावळ नीट पार पडली असे समजावे.