कवडशातले फुलपाखरू

बारा कोसांवर भाषा बदलते हे आपण भाषाशास्त्राच्या तासाला ऐकतो. मग एक बोली कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते, हे विचारले की उत्तर अडते. प्राणिशास्त्रज्ञांपुढेही हाच पेच आहे. तेथे बोलीच्या जागी ‘उपजाती’ असते. उदाहरणादाखल युरोपच्या रानातील ‘स्पेकल्ड वुड’ हे फुलपाखरू घेऊ.

लिनिअसने १७५८ मध्ये त्याची नोंद केली. शास्त्रीय नाव ‘परार्गे एजेरिया’. तपकिरी पंखांवर ठिपके; सुरवंट गवतावर वाढतो. स्पेन-इटलीत हे ठिपके नारिंगी, तर इंग्लंडात सायीसारखे फिके. फिक्या उपजातीला ‘टर्सिस’ म्हणतात. लिनिअसने वर्णिलेले फुलपाखरू दक्षिणेकडचे, म्हणून तिकडच्या उपजातीच्या नावात ‘एजेरिया’ दोनदा येते. यात कोणी श्रेष्ठ नव्हे. आधी नोंद झाली, एवढेच. स्कॉटलंडची ‘ऑब्लिटा’ आणि सिली बेटांवरची ‘इन्सुला’ अशा आणखी दोन उपजाती ब्रिटनमध्ये मानतात.

या फुलपाखराची खरी गंमत त्याच्या वागण्यात आहे. झाडांतून जमिनीवर पडलेला उन्हाचा कवडसा नर आपला म्हणून राखतो, कारण मादी तेथे येण्याचा संभव अधिक. दुसरा नर शिरला की दोघे गिरक्या घेत वर जातात आणि काही क्षणांत पाहुणा निघून जातो. ऑक्सफर्डजवळच्या वायटम रानात निक डेव्हिस यांनी हे पाहिले. १९७८ च्या त्यांच्या लेखाचा निष्कर्ष असा की, आधी बसलेलाच नेहमी जिंकतो. दोघांनाही आपणच मालक असे वाटावे अशी योजना त्यांनी केली, तेव्हा झुंज कितीतरी लांबली. १९९८ मध्ये स्टट आणि विल्मर यांनी यावर शंका घेतली: जिंकतो तो मालक म्हणून नव्हे, उन्हात बसून अंग तापलेले असते म्हणून! मला हा आक्षेप विचार करण्याजोगा वाटतो.

असो. नारिंगी आणि फिका यांची सीमा कोठे? फ्रान्समध्ये दक्षिणेकडे जाताना मधल्या छटांची फुलपाखरे भेटतात. रेघ ओढता येत नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए-अभ्यासात तर निराळेच दिसले. ठळक फरक होता तो युरोप आणि उत्तर आफ्रिका यांच्यात, म्हणजे समुद्राच्या दोन काठांवर. मोरोक्कोतील फुलपाखरू मात्र दिसायला स्पेनमधल्यासारखेच नारिंगी असते.