विजेच्या भांड्यांत फळें व भाज्या बरणीबंद करणें



टोमॅटोचा हंगाम भरांत आला म्हणजे नारायणगांव, पिंपळगांव बसवंत यांसारख्या बाजारांतही पुष्कळदां भाव कोसळतो, आणि वाहतुकीचा खर्चसुद्धां निघत नसल्यानें माल बांधावर टाकावा लागतो. असा माल घरींच बरण्यांत टिकविण्याकरितां विजेवर चालणारीं भांडीं मिळतात. त्यांचा उपयोग कोठें करावा व कोठें करूं नये, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

या साध्या भांड्यांत केवळ पाणी उकळतें. उष्णता १०० अंशांपलीकडे जात नाहीं. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नांवाच्या सूक्ष्म जंतूचीं बीजें तेवढ्या उष्णतेनें मरत नाहींत. बंद बरणींत हवा नसल्यामुळें तीं रुजतात व प्राणघातक विष उत्पन्न करतात. तें विष वासावरून वा रंगावरून ओळखतां येत नाहीं. आंबट पदार्थांत मात्र हीं बीजें रुजत नाहींत. आंबटपणाचा पीएच नांवाचा आंकडा जितका लहान तितका पदार्थ अधिक आंबट, तो ४.६ हून अधिक असेल तर उकळतें पाणी पुरत नाहीं. घेवडा, मटार, भेंडी, मका या वर्गांत येतात. त्यांस वाफेच्या दाबाखालीं सुमारें ११६ अंश उष्णता लागते. स्वयंपाकाच्या विजेच्या कुकरांतील दाबावर या कामीं विसंबूं नये. या भाज्या वाळवाव्या किंवा त्यांचें लोणचें घालावें.

टोमॅटो सीमेवरचें फळ आहे, म्हणून त्यांत आम्ल घालावेंच लागतें. कृति अशी :

१. निकोप, पिकलेलीं फळें धुऊन मिनिटभर उकळत्या पाण्यांत बुडवावीं व सोलावीं. देंठाकडील भाग काढून तीं ठेंचावीं व पांच मिनिटें उकळावीं.

२. अर्ध्या लिटरच्या प्रत्येक स्वच्छ, गरम बरणींत पाव चहाचा चमचा लिंबूसत्त्व घालावें. घरच्या लिंबाचा आंबटपणा सारखा नसतो.

३. वर अर्धा इंच जागा सोडून गर भरावा, बरणीचें तोंड पुसावें व नवें झांकण लावावें.

४. झांकणांवर एक इंच पाणी राहील अशा बेतानें बरण्या भांड्यांत ठेवाव्या. खळखळून उकळी आल्यावरच वेळ मोजावी : कोंकण किनाऱ्यावर ३५ मिनिटें, पुणें-नाशिकाकडे ४०, महाबळेश्वरीं ४५. उंचीवर पाणी कमी उष्णतेवर उकळतें, म्हणून हा फरक.

मध्येंच वीज जाऊन उकळी मोडली, तर झालेलीं मिनिटें हिशेबांत धरूं नयेत. पुन्हां उकळी आल्यावर पहिल्यापासून मोजावें. कचेरींतील जुन्या सवयीनें मी उकळी आल्याची व वीज गेल्याची वेळ वहींत मांडून ठेवतों, त्यामुळें वाद राहत नाहीं.

बरण्या १२ ते २४ तास न हलवितां निवूं द्याव्या. झांकण मधोमध दाबल्यास वरखालीं होत असेल, तर ती बरणी थंड कपाटांत ठेवून लौकर संपवावी. पुढें झांकण फुगलेलें दिसल्यास आंतील पदार्थ चाखूंही नये.

पहिल्या वर्षीं मीं घेवड्याच्या बारा बरण्या उकळत्या पाण्यांतच तयार केल्या होत्या. वरील नियम मागाहून वाचनांत आला. घरांतील मंडळी हळहळली. तरी एकही बरणी न उघडतां सर्व खड्ड्यांत पुरल्या. बारा बरण्यांचा तोटा सोसतां येतो. आपणांवर तो प्रसंग येऊं नये, म्हणून हें लिहिलें.