जनावरांना खनिज मिश्रण द्या, खत नव्हे

गाय-म्हैस हाडे चघळू लागली, माती चाटू लागली, की बहुधा तिला स्फुरद कमी पडत असते. मात्र त्यासाठी घरातील रॉक फॉस्फेट किंवा सुपर फॉस्फेट आंबोणात मिसळू नका. या खतांत फ्लोरीन असते. ते जनावराच्या हाडांत व दातांत साठत जाते. दातांवर तपकिरी डाग पडतात, दात झिजतात, जनावर लंगडते. हे नुकसान भरून येत नाही.

म्हणून आय.एस.आय. चिन्ह असलेले पशुखाद्याचे खनिज मिश्रणच घ्यावे. दुभत्या जनावरास दररोज ५० ग्रॅम, वासरास २० ते २५ ग्रॅम पुरते. जास्त दिल्याने हाडे अधिक बळकट होत नाहीत. उलट, विण्यापूर्वीच्या शेवटच्या २-३ आठवड्यांत जादा कॅल्शियम दिल्यास दुग्धज्वराचा धोका वाढतो. त्या काळात पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.