मिक्सरपुढे प्रथमच बसणाऱ्यांसाठी

मिक्सर म्हणजे घरातील चटणी वाटण्याचे यंत्र, एवढेच ज्ञान आपल्यापैकी पुष्कळांस असते. आणि काही वर्षांपूर्वी आम्हांसही त्याहून फारसे अधिक नव्हते. मंदिराच्या वर्धापनदिनानिमित्त वर्गणी जमवून मंडळीने आठ माईक जोडता येतील असा मिक्सर, एक ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर घेतले. बसवून देणाऱ्या गृहस्थांनी सर्व बटणे ठरावीक जागी लावून दिली आणि "आता ह्यांना कोणी हात लावू नका," असे बजावून ते निघून गेले. ही आज्ञा आम्ही दोन वर्षे इतक्या निष्ठेने पाळली, की इतर आज्ञा तशा पाळल्या असत्या तर पाळकसाहेबांचे अर्धे काम हलके झाले असते.

मग उत्तम शुक्रवार आला. सात उद्गारांवर सात जण बोलणार होते. कोणी उंच, कोणी ठेंगणे, कोणी मैदानी आवाजाचे, तर एक बाई इतक्या हळू बोलणाऱ्या की शेजारच्यालाही कान द्यावा लागे. दुसऱ्या उद्गाराच्या वेळी स्पीकरमधून जी शिट्टी निघाली ती सर्वांच्या कानांतून आरपार गेली. साऱ्या मंडळीने मागे वळून पाहिले. मिक्सरपुढे बारावीतला एक मुलगा बसला होता. त्याने घाबरून सगळ्या पट्ट्या खाली ओढल्या. शिट्टी थांबली खरी, पण त्यानंतरचे पाच उद्गार चौथ्या बाकाच्या मागे कोणालाही ऐकू गेले नाहीत. उपासना संपल्यावर आम्ही त्या मुलाला चार शब्द सुनावले. पुढच्या रविवारी तो मिक्सरजवळ बसला नाही, आणि त्याच्या पुढच्या रविवारी मंदिरातच आला नाही.

शेवटच्या बाकावर बसणाऱ्या एक आजी आहेत. गुडघ्यांमुळे त्यांना दाराजवळचीच जागा सोयीची पडते. त्या आम्हांस म्हणाल्या, "बाळा, त्या पोराला का बोललास? तुला तरी येतं का ते?" आम्हांस येत नव्हते. तेव्हा आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो, झाल्या गोष्टीबद्दल दिलगिरी सांगितली, आणि दोघांनी मिळून हे यंत्र शिकायचे ठरवले. त्या शिकण्यातून जे हाती आले ते येथे देत आहोत. अनेक मंडळ्यांत आज असेच यंत्र आहे आणि त्यापुढे असाच एखादा न शिकवलेला मुलगा किंवा मुलगी बसलेली असते.

ध्वनिवर्धक नव्हते त्या काळची एक गोष्ट प्रथम सांगतो. १७३९ साली जॉर्ज व्हाइटफील्ड हे प्रसिद्ध उपदेशक अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी उघड्यावर उपदेश करीत होते. बेंजामिन फ्रँकलिन, जे तेव्हा छपाईचा धंदा करीत, ते गर्दीत होते. हा आवाज किती दूर पोहोचतो हे पाहावे म्हणून ते रस्त्याने नदीच्या दिशेने मागे मागे चालत गेले, आणि रस्त्याच्या गोंगाटात शब्द बुडू लागले तेथे थांबले. मग तेवढ्या त्रिज्येचे अर्धवर्तुळ कल्पून, दर माणसास दोन चौरस फूट जागा धरून त्यांनी हिशेब मांडला आणि तीस हजारांहून अधिक माणसांना हा आवाज ऐकू जाईल असे काढले. आमच्या मते मिक्सर शिकण्याचा पहिला धडा फ्रँकलिन यांनी जे केले तोच आहे: उठावे, चालत मागे जावे, आणि शब्द कोठे बुडतात ते आपल्या कानांनी पाहावे. यंत्राजवळ बसून हे कळत नाही. आमचा मिक्सर वेदीच्या बाजूला, भिंतीला टेकून ठेवलेला होता. तेथे बसणाऱ्याला वक्ता थेट ऐकू येई, स्पीकर ऐकूच येत नसे. पहिली सुधारणा म्हणून लांब केबल घेऊन मिक्सर मंदिराच्या मागील भागात नेला. निम्म्या तक्रारी त्यानेच गेल्या.

आता यंत्राकडे वळू. बटणांची गर्दी पाहून घाबरू नये. एक उभी ओळ म्हणजे एक माईक. एक ओळ समजली की बाकीच्या तशाच. आवाज वरून शिरतो आणि खाली येतो. सर्वांत वर गेनचे बटण, मध्ये जाड-बारीक आवाजाची बटणे, आणि खाली सरकणारी पट्टी, जिला फेडर म्हणतात. गेन आणि फेडर दोन्ही आवाज वाढवतात, मग दोन कशाला, हा प्रश्न आम्हांस बरेच दिवस छळत होता. गावच्या पाण्याचे उदाहरण घ्या. टाकीजवळ एक व्हॉल्व्ह असतो आणि घरात नळ असतो. टाकीचा व्हॉल्व्ह नीट उघडलेला नसेल तर घरातला नळ कितीही फिरवा, धार येत नाही. आणि तो वाजवीपेक्षा जास्त उघडला तर पाइप फुटतो. गेन हा टाकीजवळचा व्हॉल्व्ह होय. माईकमधून येणारा विद्युतप्रवाह फारच क्षीण, व्होल्टच्या काही हजारांश भागाएवढा असतो. कीबोर्डमधून येणारा त्याच्या शेकडो पट असू शकतो. ह्या दोघांना एका पातळीवर आणणे हे गेनचे काम.

ते असे करावे. फेडर खाली ठेवून वक्त्याला बोलण्यास सांगावे. बहुतेक मिक्सरवर पीएफएल नावाची कळ असते, ती दाबली की त्या एका माईकचा जोर दिव्यांवर दिसतो. हिरवे दिवे लागावेत, आवाज चढेल तेव्हा पिवळा लुकलुकावा, तांबडा कधीच लागू नये. तांबडा दिवा लागला म्हणजे आवाज फाटतो, आणि एकदा फाटलेला आवाज पुढे कशानेही शिवता येत नाही. गेन ठरला की फेडर शून्याच्या खुणेजवळ आणावा. शून्य पाहून नवशिक्याला वाटते की येथे आवाज बंद होतो. तसे नाही, येथे फेडर आवाजात भरही घालत नाही आणि कमीही करत नाही, असा त्याचा अर्थ. ह्या जागी पट्टी थोडी हलवली की आवाज थोडाच बदलतो. तळाशी मात्र तेवढ्याच हालचालीने आवाज एकदम उसळतो किंवा नाहीसा होतो. आमचा तो मुलगा दोन वर्षे तळाशीच झगडत होता, कारण गेन फार चढवून ठेवलेला होता.

तपासणीच्या वेळी वक्त्यांनी "हॅलो, हॅलो, वन टू थ्री" म्हणू नये. ह्या सुरात कोणी उपदेश करीत नाही. पवित्र शास्त्रातला एखादा उतारा, नेहमी वाचतो तसा, निदान अर्धा मिनिट वाचावा. माईकवर फुंकर मारणे आणि टिचक्या मारणे हेही सोडून द्यावे, त्याने माईकच्या आतील नाजूक पडद्याला इजा होते.

एवढे शिकल्यावर आमच्या ध्यानात आले की उत्तम शुक्रवारचा मोठा दोष मिक्सरचा नव्हताच. माईकची उंची सातही जणांसाठी एकच होती. तोंड आणि माईक ह्यांतील अंतर दुप्पट झाले की माईकला मिळणारा ध्वनिदाब निम्मा होतो. चार बोटांवरून बोलणारा वीतभर मागे सरला की केवढा फरक पडेल ह्याचा विचार करा. उंच गृहस्थांच्या छातीशी माईक होता. तो भरून काढण्यासाठी मुलाने गेन चढवला आणि शिट्टी निघाली. ह्यावर उपाय फुकटचा आहे: दर वक्त्यामागे स्टँड वरखाली करण्यास एक माणूस नेमावा. माईक तोंडापासून चार ते सहा बोटांवर, आणि किंचित बाजूला असावा, म्हणजे "प", "फ", "भ" ह्या अक्षरांचा वारा सरळ त्यावर आदळत नाही.

शिट्टी का निघते? माईकने घेतलेला आवाज स्पीकरमधून बाहेर पडतो, तो पुन्हा माईकमध्ये शिरतो, पुन्हा वाढून बाहेर पडतो. प्रत्येक फेरीत तो थोडा मोठा होत असेल तर क्षणार्धात शिट्टी होते. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ सोरेन लार्सन ह्यांच्या नावावरून ह्याला लार्सन परिणाम म्हणतात. तेव्हा स्पीकर नेहमी माईकच्या पुढे, लोकांकडे तोंड करून असावेत. उपासनेत वापरले जाणारे बहुतेक हातातले माईक समोरचे अधिक आणि पाठीमागचे कमी ऐकतात. मात्र तरुण गायक माईकची जाळी मुठीत धरतात तेव्हा हा गुण नाहीसा होतो, तो चोहोकडचे ऐकू लागतो आणि शिट्टी मारतो. जो माईक वापरात नाही तो बंद ठेवावा. जितके माईक उघडे, तितकी शिट्टीवाचून आवाज वाढवण्याची मुभा कमी. आणि शिट्टी झालीच तर सगळे फेडर ओढू नयेत. ज्या माईकपाशी नुकताच कोणी हात लावला किंवा आवाज वाढवला, बहुधा तोच दोषी असतो. तेवढाच थोडा खाली घ्यावा.

जाड-बारीक आवाजाच्या बटणांविषयी आमचे मत जरा कडक आहे. नवशिक्याला आवाज भरदार करण्याचा मोह होतो आणि तो खालचा सूर वाढवतो. आपली जुनी मंदिरे दगडी, उंच छताची. त्यांत जाड आवाज घुमत राहतो आणि पुढच्या शब्दावर पसरतो. बोलण्यातला जोर स्वरांत असतो, पण अर्थ बराचसा व्यंजनांत असतो. "पाप", "ताप" आणि "शाप" ह्या तीन शब्दांत पहिले व्यंजन ऐकू आले नाही तर मागच्या बाकाला तिन्ही सारखेच. व्यंजने ओळखू आणणारा ध्वनी मुख्यत्वे सेकंदाला दोन ते चार हजार कंपनांच्या आसपास असतो. म्हणून बोलण्याच्या माईकवर खालचा सूर कापणारी कळ दाबून ठेवावी. ती साधारण ८० ते १०० कंपनांखालचे सारे काढून टाकते, त्यात पावलांची धडधडही जाते. तरीही शब्द उमटत नसतील तर जाड आवाजाचे बटण आणखी कमी करावे. आजींची तक्रार आवाज लहान असल्याची कधीच नव्हती. "आवाज येतो रे, शब्द येत नाहीत," असे त्या म्हणत.

मिक्सरवरची पुस्तके बहुधा गिटार आणि ड्रम धरून लिहिलेली असतात. आमच्या भजनांना पेटी, तबला आणि झांज लागते. झांजेला माईक देऊच नये. लहान मंदिरात पेटीलाही क्वचितच लागतो. द्यायचा झाल्यास भात्यापासून दूर ठेवावा, नाहीतर भात्याची फुसफुस गाण्यात मिसळते. तबला आणि डग्गा ह्यांच्या मध्ये, वीतभर वर, एक माईक पुरतो. तेथे खालचा सूर कापणारी कळ दाबू नये, डग्ग्याचा प्राणच जातो. आणि गायकवृंदाचा आवाज इतका चढवू नये की मंडळी गाणे थांबवून ऐकत बसेल. आमच्या येथे असे काही महिने झाले. गायकांचे फेडर थोडे खाली घेतले तेव्हा दुसऱ्याच कडव्याला बाकांवरून आवाज येऊ लागला.

२०२० च्या टाळेबंदीपासून पुष्कळ मंडळ्या उपासना मोबाइलवरून घरी बसलेल्यांना पाठवतात. मंदिरात पेटी माईकवाचून ऐकू येते, पण मोबाइलला फक्त मिक्सरमधले ऐकू येते. म्हणून घरच्यांना पेटीच नाही, अशी स्थिती होते. त्यासाठी प्रत्येक ओळीत ऑक्स नावाचे बटण असते, त्याने वेगळ्या वाटेने वेगळे मिश्रण पाठवता येते. अशा वेळी पेटीजवळ माईक ठेवावा, त्याचा ऑक्स उघडावा आणि फेडर खालीच ठेवावा. मात्र हा ऑक्स फेडरच्या आधीचा असावा लागतो; बाजूला "प्री" अशी खूण किंवा कळ असते.

विजेसंबंधी थोडेसे. चालू करताना आधी मिक्सर, शेवटी ॲम्प्लिफायर. बंद करताना आधी ॲम्प्लिफायर. उलट केल्यास स्पीकरला धक्का बसतो. गुणगुण येत असेल तर मिक्सर आणि ॲम्प्लिफायर यांना एकाच ठिकाणाहून वीज द्यावी. प्लगची अर्थिंगची पिन काढून गुणगुण घालवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये; माईक हातात धरणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. मैदानातील सभांसाठी २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. त्यांप्रमाणे लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. नाताळच्या तयारीत हे आधी पाहावे.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांस एक विनंती. नाताळच्या कार्यक्रमात मुले पाठांतर सुरेख करतात आणि माईकपुढे येताच एक हात लांब उभी राहतात. आठवडाभर आधी प्रत्येकाला एकदा तरी माईकपुढे उभे करावे, जमिनीवर खडूने पावलांची खूण करावी. आणि मोठ्या वर्गातील दोन मुले, एक मुलगा व एक मुलगी, शनिवारी संध्याकाळी तासभर मिक्सरपाशी बसवावीत. पहिल्या दिवशी एकच माईक, एकच ओळ. एकाने वाचावे, दुसऱ्याने शेवटच्या बाकावर जाऊन ऐकावे, मग अदलाबदल.

पुढल्या वर्षीच्या उत्तम शुक्रवारी तोच मुलगा मिक्सरपुढे बसला. आदल्या संध्याकाळी सातही जणांना बोलावून त्याने प्रत्येकाचा गेन ठरवला, पांढऱ्या चिकटपट्टीवर नावे लिहून बटणाशेजारी खुणा केल्या. स्टँड वरखाली करण्याचे काम आमच्याकडे आले. शिट्टी झाली नाही. हळू बोलणाऱ्या बाई शेवटच्या बाकापर्यंत पोहोचल्या. उपासनेनंतर आम्ही दोघे आजींकडे गेलो. "काका, तुम्ही विचारा," असे मुलाने हळूच म्हटले, म्हणून आम्ही विचारले. आजी म्हणाल्या, "सगळं ऐकू आलं. पण माझ्या डोक्यावरचा तो पंखा भारी कुरकुरतो, त्याला तेल घाला." पंखा कमिटीच्या यादीवर आहे.