फॅनी प्राइसचा नकार : ‘मॅन्सफील्ड पार्क’मधील एका अप्रिय नायिकेचा विचार

जेन ऑस्टेनच्या नायिकांमध्ये फॅनी प्राइस ही वाचकांच्या प्रेमाला सर्वांत कमी पात्र ठरलेली नायिका होय. ‘मॅन्सफील्ड पार्क’ ही कादंबरी १८१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या वेळी लेखिकेने जमवलेल्या अभिप्रायांत तिच्या आईलाही फॅनी निःसत्त्व वाटल्याची नोंद आहे. आदल्याच वर्षी अवतरलेल्या एलिझाबेथ बेनेटच्या हजरजबाबीपणाशेजारी फॅनीचे मौन फिके भासावे, हे स्वाभाविकच होते. परंतु तिला ‘दुबळी’ किंवा ‘नीतीची पुतळी’ ठरवणारी दोन्ही वाचने या मौनाचे स्वरूप लक्षात घेत नाहीत.

दहा वर्षांची फॅनी श्रीमंत मावशीच्या घरी आश्रित म्हणून येते. तिचे ऐकणे, पाहणे आणि गप्प राहणे हे या स्थानातून घडलेले आहे. तो केवळ स्वभावधर्म नव्हे. घरातील नाट्यप्रयोगाच्या प्रसंगी ती भूमिका करण्यास नकार देते, तेव्हा मिसेस नॉरिस तिला कृतघ्न ठरवते आणि तिच्या आश्रितपणाची आठवण सर्वांसमक्ष करून देते. मात्र हा नकार अभेद्य नाही. अखेरीस एडमंडनेही गळ घातल्यावर ती संहिता वाचण्यास राजी होते, आणि सर थॉमसच्या अवचित आगमनामुळेच तिची सुटका होते. लेखिकेने नायिकेला निर्दोष ठेवण्याचा मोह येथे टाळला आहे.

दुसरा नकार अधिक कठीण आहे. हेन्री क्रॉफर्डची मागणी ती नाकारते, तेव्हा सर थॉमस तिच्यावर हट्टीपणाचा व कृतघ्नतेचा आरोप करतो. फॅनीजवळ सबळ कारण आहे. परंतु ते सांगितल्यास मरायाचे व ज्युलियाचे हेन्रीशी झालेले वर्तन उघड होईल. एडमंडवरील प्रेम तर तिला कोणापुढेच उच्चारता येत नाही. म्हणजे येथील मौनात इतरांची अब्रू राखणे आणि स्वतःचे गुपित जपणे या दोन्ही गोष्टी एकवटल्या आहेत. नैतिकता आणि आत्मरक्षण यांची ही सरमिसळ हेच या व्यक्तिरेखेचे मर्म होय. त्याच दिवशी सर थॉमस तिच्या थंड खोलीत विस्तव पेटवण्याची आज्ञा देतो, आणि पुढे तिचे मन वळावे म्हणून तिला पोर्ट्‌समथच्या दरिद्री माहेरी धाडतो. माया आणि दडपण एकाच हातून येते, म्हणूनच प्रतिकार अवघड होतो.

या मौनाला मर्यादाही आहे. फॅनी सर थॉमसला गुलामांच्या व्यापाराविषयी विचारते. परंतु सारे गप्प राहतात, आणि भावंडांवर आपण कुरघोडी करतो आहोत असे दिसू नये म्हणून तीही पुढे बोलत नाही. अँटिग्वातील मालमत्तेशी मॅन्सफील्डच्या वैभवाचा असलेला संबंध एडवर्ड सैद यांनी १९९३ मध्ये ठळकपणे मांडला. तो ध्यानी घेता, फॅनीचा संयम येथे घराच्या सोयीस्कर शांततेत विरून जातो, असेच म्हणावे लागते.

शेवटच्या प्रकरणात निवेदिका एक धक्का देते : एडमंडचा मेरीशी विवाह झाला असता आणि हेन्री सन्मार्गाने चिकाटी धरून राहिला असता, तर फॅनी त्याची झाली असती. तिची निष्ठा परिस्थितीनिरपेक्ष नाही, हे कादंबरीच कबूल करते. फॅनीचे महत्त्व ती कधी चुकत नाही यात नाही. जिथे उपकारांची परतफेड संमतीच्या रूपाने मागितली जाते, तिथे भीतीने थरथरतानाही ती आपली संमती स्वतःपाशी राखू पाहते, यात ते आहे. फॅनी वाचकाला आवडो वा न आवडो, तिच्या या नकाराची किंमत ओळखल्याशिवाय तिचे मूल्यमापन पुरे होत नाही.