पासोडी आणि चष्मा

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगररांगेत अंबाजोगाई हे प्राचीन नगर वसले आहे. येथे संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) यांनी सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा जाड कापडावर 'पंचीकरण' हा विषय लिहून काढला. तीच प्रसिद्ध पासोडी होय. पृथ्वी, आप, तेज, वायू व आकाश या पंचमहाभूतांपासून सृष्टी व देह कसे घडले, हे तीवर आकृत्यांच्या साहाय्याने समजाविले आहे. डोळ्यांनी पाहावे आणि मनाने अंतर्मुख व्हावे, असे हे साधन आहे.

आज तेच कार्य एका चष्म्याकडून करवून घेण्याचे प्रयत्न चालू आहेत. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर धारण करावयाचे एक यंत्र लोकांपुढे मांडले. ते छताला टांगलेले असे. आजच्या यंत्रात दोन्ही डोळ्यांना किंचित भिन्न चित्रे दिसतात व मेंदू त्यांतून एक खोल दृश्य उभे करतो. मान वळताच दृश्यही वळते. यासच आभासी वास्तव म्हणतात.

मुलांनो, या चष्म्यासाठी ध्यानाचा पाठ रचणे सोपे नाही. चष्मा दृष्टीला बाहेर ओढतो. ध्यानात तर मन आत वळवावयाचे असते. समजा, अंबाजोगाईच्या हत्तीखाना लेण्यातील दगडी मंडप दाखवावयाचा आहे. तेथे हत्ती चालू लागले, तर नजर त्यांच्यामागे धावेल. पाहणारा स्थिर बसला असता दृश्यच पुढे सरकू लागले, तर त्याला मळमळेल. गुण किंवा बक्षिसे ठेवली, तर मन त्यांचीच वाट पाहत बसेल. म्हणून जाणता रचनाकार मंडपात एकच दिवा ठेवील. श्वास आत घेताना ज्योत उजळेल, सोडताना मंद होईल. पुढे तो दिवाही हळूहळू मावळेल आणि केवळ श्वासाची जाणीव उरेल.

अशा पाठाची खरी परीक्षा चष्मा उतरल्यावरच होते. परीक्षेच्या आदल्या रात्री मन घाबरले असता, जवळ कोणतेही यंत्र नसताना, ज्याला चार श्वास शांतपणे न्याहाळता येतात, त्याला तो पाठ साधला. पोहणे येताच भोपळा सोडून द्यावा, तसेच या साधनाचे आहे.